आतल्या खोलीतला खोकला

“बाळाची दृष्ट कसली काढतीयास? दीपाताईकडं बघ! झोपत न्हाई, बाळाला जवळ घेत न्हाई. कुपवाडच्या डॉक्टरीणबाईला दाखवू,” मी आयवर वरडलो.

“नववीतनं शाळा सोडलीस आन मला शिकवतोस?” म्हणत आयनं ताईवरनंच मिरच्या उतरवल्या, चुलीत टाकल्या. ठसका कुणालाच लागला न्हाई.

“बघ, लय कडक नजर!” आय खूश.

तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. आवाज ताईचा. ताई तर आमच्यापुढं तोंड मिटून बसल्याली. आत जाऊन बघितलं, तर खोली रिकामी.

“रडती बी तीच,” ताई हळूच म्हणाली. “मला रडूच येत न्हाई.”

आयनं गाडीची चावी गपकन माझ्या हातात कोंबली.

ताई एकटीच मागं बसलीया, पण गाडी दोघींच्या वजनानं दबलीया. कुपवाड गाठायचंय, मला आता निघायला पाहिजे.