तिचं तिला बोलू द्या

घरात चारचौघांसमोर बकुळच्या तोंडून शब्द फुटत नसे. लेकीला तरी बोलता यावं, म्हणून मालविकानं हट्टानं तिला शाळेच्या बुलबुल पथकात, म्हणजे गाइडच्या सगळ्यात लहान मुलींत घातलं. पहिल्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून देवदत्तही रामघाटावरची पूजा आटोपून बायकोबरोबर आला.

पथकाच्या दीदींनी पालकांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली. "बच्ची से कुछ पूछा जाए, तो जवाब उसी को देने दीजिए. चाहे जितना वक़्त लगे."

मग त्या बकुळसमोर वाकल्या. "आपका नाम, बेटा?"

बकुळ आईच्या ओढणीमागे सरकली. सगळे थांबले. नाव मालविकाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि लेकीचा हात हळूच सोडला.

"बकुळ," पोरगी पुटपुटली. मग मान वर करून मोठ्यानं म्हणाली, "बकुळ पटवर्धन!"

मालविकाचे डोळे भरून आले. दीदींनी टाळ्या वाजवल्या आणि हसत तिच्याकडे वळल्या. "और आपका नाम?"

मालविकानं तोंड उघडलं.



"मालविका," देवदत्तनं सांगून टाकलं.