पाण्याची साक्ष

"लटारूऽ, घरी चाल रे बाबा."

सुगंधाबाईची तिसरी हाक पाण्यावरून गेली, ओसाड घरांच्या भिंतींना लागली आणि परत आली. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्यापुढे उथळ वाळूत एक नवे मडके प्रवाहाकडे तोंड करून आडवे ठेवले होते. त्यात हळदीचे तांदूळ होते. सूर्य नुकताच मावळला होता.

मार्कंड्याजवळ उत्तरवाहिनी होणाऱ्या वैनगंगेच्या पात्रात हे बेट आहे. त्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची अकरा घरे नांदत होती. एका श्रावणात पूर आला. रात्रीतून घरे बुडाली आणि वाचलेली माणसे सावली गावाकडे निघून गेली, ती पुन्हा परतली नाहीत. सुगंधाबाईचा एकुलता मुलगा लटारू त्या रात्री डोंगा, म्हणजे लाकडी होडी, सोडवायला गेला होता. डोंगा सापडला, तो सापडला नाही. त्याला तीन वर्षे झाली. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

ज्याचा देह मिळत नाही, त्याचा जीव त्याच्याच घाटावरून घरी न्यावा, अशी त्या वस्तीची रीत होती. सांजेपासून उजाडेपर्यंत नाव घेऊन हाक मारायची. मासा, खेकडा, पाणकिडा, जे काही जिवंत मडक्यात येईल तोच तो. त्याला घरी नेऊन देवांत मांडले की माणूस पितरांत गेला. आणि मडके रिकामे राहिले, तर तो अजून जिवंत आहे, अशी नदीने साक्ष दिली. मग त्याच्या बायकोला दुसरे घर नाही.

ती बायको, चंदा, काठावर बसली होती. तिचे वय तेवीस. सावलीच्या मुखरूने तिला मागणी घातली होती. आधी लटारूचा जीव घरी येऊ द्या, मग पाट लावा, असे जातीच्या पंचांनी सांगितले होते. चंदा स्वतः हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. पण मागणी आल्यापासून ती जात्यावर गुणगुणू लागली होती, आणि सुगंधाबाईने ते ऐकले होते.

साक्षीला म्हातारा वारलू आला होता. डोंगाही त्याचाच. त्याने सत्तरी ओलांडली होती. पाण्याविषयी तो कधी खोटे बोलला नाही, म्हणून पंच त्याचा शब्द मानीत. येताना वाटेत त्याने सुगंधाबाईला डिवचले होते. मुलगा जिवंत आहे असे म्हणत तिने तीन वर्षे ही रीत करू दिली नव्हती. दर बाजाराला ती परक्या माणसांना थांबवून त्याच्या खुणा सांगे. मग आजच काऊन निघाली, असे त्याने विचारले.

"तीन साल मीच दारात आडवी बसली होती, भाऊ," ती म्हणाली. "आता पोरीले निंगू द्या."

वारलू हसला. मुखरूला जाळे फेकता येत नाही, तेव्हा चंदाला सावलीत माशांऐवजी वरणच खावे लागेल, असे तो म्हणाला. चंदाने तोंड फिरवले; पण तिचे खांदे हसत होते.

रात्र पडली तसे बेट मोठे झाले. चुलींच्या जागी वाळू साचली होती आणि वाळूतून जाळी वाळवायचे खांब वर आले होते. एक हाक गेली की अकरा घरांतून तेच नाव परत येई, प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या आवाजात. आपल्या जुन्या घराच्या दारात कोणी बसले आहे, असे चंदाला दोनदा वाटले. दोन्ही वेळा तिने पदर सावरला. प्रत्येक प्रहरी वारलू कंदील घेऊन मडके पाही. ते रिकामे असे. तांदळाचा दाणाही हललेला नसे. शेवटच्या प्रहरी चंदाने मडक्यात काय आहे, हे विचारणेही सोडून दिले.

पहाटेच्या धुक्यात हाक अचानक थांबली.

"आला," सुगंधाबाई म्हणाली.

वारलूने कंदील खाली धरला. मडक्यात एक काळा, मिशाळ मांगूर वळवळत होता. वारलू पुष्कळ वेळ पाहत राहिला. मांगूर हा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, गाळात राहणारा मासा. वैनगंगेच्या या वाळूच्या धारेत वारलूने उभ्या जन्मात एकही मांगूर पाहिला नव्हता. आणि ओल्या फडक्यात गुंडाळला तर मांगूर रात्रभर जगतो, हे ढिवराच्या लेकरालाही ठाऊक असते. त्याने मान वर केली. सुगंधाबाई त्याच्याकडेच पाहत होती. तिने नजर हलवली नाही.

चंदा धावत आली आणि मडक्यावर वाकली.

"लटारू," ती हळूच म्हणाली. लग्न झाल्यापासून नवऱ्याचे नाव तिने प्रथमच उच्चारले होते. मग तिने वारलूकडे पाहिले. पंचांपुढे त्याचाच शब्द जाणार होता.

वारलूने कंदील वाळूत ठेवला.

"तोच हाये, बेटा," तो म्हणाला. "घे पदराखाली."

चंदा मडके उराशी धरून डोंग्याकडे गेली. तिचे हुंदके धुक्यात दूर होईपर्यंत वारलू थांबला. मग त्याने खालच्या आवाजात विचारले, की रात्रभर पाण्याने खरोखर काय दिले?

"काहीच नाई, भाऊ," सुगंधाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळून निघाला. "माहा लटारू जित्ता हाये."