वेळ देणारे कापड

सकाळचे ऊन समोरच्या पत्र्यावरून घसरत धुळ्यातल्या त्या अरुंद गल्लीत उतरले. आधी ते दुकानाच्या उंबऱ्यावर थांबले. मग लादीवरून, घरातले कोणी जागे आहे का याची चाहूल घ्यावी तसे, थोडे थोडे आत आले. शिलाई मशीनच्या लोखंडी पायट्यावर चढले, चाकाच्या कडेवर क्षणभर लखलखले आणि कापड बेतायच्या लांब टेबलावर येऊन पसरले. लाकडावर उमटलेले कात्रीचे जुने चरे, खडूची धूळ, फटीत रुतलेली एक टाचणी, सारे त्या उजेडात स्वच्छ दिसू लागले. रोजच्यासारखेच ऊन होते ते. त्याला काही ठाऊक नव्हते.

टेबलावर योगेंद्रचा शर्यतीचा पोशाख पडला होता. पिंपळनेरच्या पुढे, माळावरच्या मोटार शर्यतीत त्याची गाडी उलटून पेटली आणि तो गेला, त्याला आठवडा झाला होता. हॉस्पिटलात पोशाख काढताना तो पुढून उभा चिरला होता. अखिलने तो पिशवीत घालून आणला होता. शर्यतीत योगेंद्रच्या शेजारी बसून वळणे सांगायचे काम अखिलचे. त्याचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते.

शिंप्यांच्या त्या घरात एक रीत होती. घरच्या हाताचा टाका पडलेला कपडा, माणूस गेल्यावर, शिवण उसवल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही. जीव टाक्यात अडकून राहतो, असे म्हणत. पोशाख परदेशी बनावटीचा होता, पण कमरेत सैल पडला म्हणून प्रेमराजनानांनी, योगेंद्रच्या वडिलांनीच, तो आत घेऊन शिवला होता. तेव्हा त्यांनी लेकाला चिडवलेही होते, इतले महाग कापड शे, मंग लगीनमा बी हाऊच घालजो. मांडवाला आग लागली तर नवरदेव तेवढा वाचेल, असे योगेंद्र म्हणाला होता. मग माप देता देता, पाठमोरा उभा राहून, त्याने समजावले होते की हे कापड आगीत माणसाला वाचवत नाही. थोडा वेळ देते. त्या वेळात आपले आपण बाहेर पडायचे असते.

अखिल पुन्हा तेच सांगत होता, जे तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आला होता. गाडी दगडावर आदळली त्याच क्षणी योगेंद्रची मान कलंडली. आग नंतर लागली. अखिल आपल्या बाजूने बाहेर पडून वळसा घालून गेला, पण योगेंद्रकडचे दार दबून बसले होते. बंब सुरुवातीच्या रेषेजवळ उभा होता, त्याला माळ ओलांडून यायला उशीर झाला. आग विझली तेव्हाही योगेंद्रच्या छातीवरचे सीटचे पट्टे तसेच आवळलेले होते.

नाना मान हलवत ऐकत होते. त्यांनीही सगळ्यांना हेच सांगितले होते. आग लागण्याआधीच गेला. त्या एका वाक्याच्या आधाराने घरात चूल पेटत होती, माणसे दोन घास खात होती.

त्यांनी पोशाखाच्या चिरलेल्या कडा एकमेकींना जुळवल्या आणि तळहाताने सुरकुत्या सारख्या केल्या. कापड कुठे जळून फाटले नव्हते. मूळचे पांढरे ते आता तपकिरी झाले होते, काही ठिकाणी काळे. कोपराच्या वळणात, जिथे घडी पडली होती, तिथे मात्र पांढरेपणा शाबूत होता. इस्त्रीखाली करपलेले कपडे नानांनी आयुष्यभर पाहिले होते. झाकलेले असते तेवढे वाचते.

त्यांचा हात खांद्यापाशी थांबला.

पट्टे दोन्ही खांद्यांवरून खाली येतात, कमरेभोवतून येतात, आणि सगळे पोटापाशी एका गोल कडीत अडकतात. कडी फिरवली की एकदम सुटतात. नानांनी खांद्यापासून पोटापर्यंत बोट फिरवले. मग दुसऱ्या खांद्यापासून. पट्ट्याएवढी पांढरी रेघ कुठेच नव्हती. खांदे, छाती, कंबर, सगळे एकसारखे करपले होते. त्यांनी पोशाख उलटा केला. सीटला टेकलेली पाठ तरी कोरी असायला हवी होती. पाठही करपली होती.

नानांनी वर पाहिले. अखिल टेबलाकडे पाहत नव्हता.

"नाना," तो खाली बघत म्हणाला, "घडी घाला ना."

आतून योगेंद्रची आई, कोकिळाबाई, चहा घेऊन आल्या. अखिलला कप धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला आणि बशी त्याच्या ओठांशी नेली. तो दोन घोट प्याला. मग त्यांनी रोज विचारत तेच विचारले.

"त्याले काही समजनं नही ना रे, भाऊ?"

अखिलने नानांकडे पाहिले.

"नही," नाना म्हणाले. पोशाखाची एक बाही त्यांनी उचलून छातीवर दुमडली, मग दुसरी. "काहीच समजनं नही त्याले. लगेच गया तो."

कोकिळाबाईंनी पदराने अखिलची हनुवटी पुसली, रिकामी बशी उचलली आणि त्या आत गेल्या. आत भांडी विसळल्याचा आवाज येऊ लागला.

नानांनी चष्मा लावला, छोटी कात्री घेतली आणि कमरेच्या शिवणीतला पहिला टाका कापला. पट्टे योगेंद्रनेच सोडले होते. आग लागली तेव्हा तो जिवंत होता.