सव्विसावी बाटली

"काका, उडत आलात की काय?" मॅडमनी दुसऱ्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली. 'क्रमांक सव्वीस, कोंबडीबाजाराचा नाला.' "साडेचारला तर तुम्ही दवाखान्यात होतात, आणि बाजाराचं फाटक पाचला बंद!"

"सायकल हाणली जोरात," तो म्हणाला आणि रुमालाने मान पुसत बसला.

अकरा वर्षं तो या प्रयोगशाळेसाठी नाल्यानाल्यांतून पाण्याचे नमुने आणत होता. "अख्ख्या शहराची घाण मला नावानिशी ओळखते," असं तोच हसत सांगायचा. गेले नऊ दिवस मात्र हसू पार आटलं होतं. हे नमुने त्याच्या स्वतःच्या मुलीसाठी होते.

मुलगी आठ वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणत. सायकलवरून पडली, गुडघा खरचटला, एवढंच काय ते निमित्त. पाचव्या दिवशी ताप चढला, आठव्या दिवशी दवाखाना. जंतू हाडात शिरला होता. डॉक्टरांनी एकामागून एक सात औषधं देऊन पाहिली, एकाचीही मात्रा चालेना.

तेव्हा मॅडमनी तिच्या जखमेतला जंतू मागवून घेतला आणि काचेच्या बशीत वाढवला. बशीभर दुधट साय धरावी तसा तो पसरला.

"औषधं हरली की शिकारी शोधायचा," त्यांनी समजावलं होतं. "जंतूंनाही खाणारे विषाणू असतात. पण प्रत्येक शिकाऱ्याचं सावज ठरलेलं. हा जंतू जिथे मुक्काम ठोकून बसलाय, तिथल्याच पाण्यात त्याचा वैरी सापडणार. बाकी पाणी कितीही घाण असो, कामाचं नाही. तुम्ही आणत राहा, मी बशीवर सोडत राहते. सायीला भोक पडलं की समजायचं, सापडला."

म्हणून रोज तीन बाटल्या. दवाखान्यांमागचे नाले, गोठे, मासळीबाजार, धोबीघाट. मॅडमनी यादीच करून दिली होती. एक बाटली कमी म्हणजे मुंगीची एक संधी कमी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मास्क लावून तिच्या खाटेशी बसला. ती निम्मी झाली होती.

"बाबा, गमबूट कोण धुतं आता?"

"कुणी नाही. तसेच वाळतात."

"शी! मी आल्यावर धुते. माझा ब्रश कुणाला देऊ नका."

"कुणाची बिशाद आहे," तो म्हणाला. बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याच्या पुढच्या सकाळी मॅडम जिन्यातच भेटल्या. अंगात कोट, पायांत चपला नाहीत.

"भोकं पडली, काका! सव्वीस नंबर! बशी नुसती चाळणी झालीय!"

जगात भोक पडलं म्हणून कुणी आनंदाने रडलं नसेल. तो जिन्यातच बसून रडला.

पण नाल्यातलं पाणी लेकराच्या शिरेत सोडता येत नाही. ते गाळायचं, धुवायचं, पुन्हा गाळायचं, तपासायचं. मॅडम घरी गेल्याच नाहीत. सगळं आटपायला चार दिवस लागणार होते.

मुंगी तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

चौथ्या दिवशी कुपी तयार झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला तोच जंतू लागला होता. मॅडमना विचारायचा धीर होईना, तर बायकोच म्हणाली, "द्या तिला. तिच्या पोराला तरी आई राहू दे."

महिन्याभराने तो कामावर आला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ती बाई काल घरी गेली, काका. तुमच्या बाटलीने वाचली."

"हं."

"कोंबडीबाजार बंद करायचं चाललंय. शिकारी तिथे सापडला म्हणजे जंतूचं बिऱ्हाडही तिथेच. मुंगी कधी गेली होती का तिकडे?"

"नाही."

"मग तिला लागला कुठून?" मॅडमनी सुस्कारा सोडला आणि एक पाकीट पुढे केलं. आत कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. "याच जंतूसाठी बनवल्यात, कालच तयार झाल्या. नाल्यात बुडवायची. तो असेल तर पट्टी जांभळी होते. एवढा पुरावा तेवढा आणून द्या."

त्याने पाकीट खिशात घातलं. समोरचं पाणी तसंच ठेवून तो उठला. मॅडमना वाटलं, मुलीच्या आठवणीने.

कोंबडीबाजाराचं वळण आलं आणि मागे पडलं. सायकल घराशी थांबली.

"आज लवकर?" बायकोने विचारलं. "काय म्हणाल्या मॅडम? मला तर कळत नाही, त्या नाल्याला हात जोडू की शिव्या घालू."

तो थेट मोरीत गेला. कोनाड्यात मुंगीचा ब्रश होता, गमबुटांच्या चिखलाने दांड्यापर्यंत माखलेला. कुणाला दिला नव्हता. रोज संध्याकाळी ती बसायची तसाच तो दगडी फरशीवर गुडघे टेकून बसला आणि मोरीच्या तोंडाशी साचलेल्या पाण्यात त्याने पट्टी बुडवली.

जांभळी व्हायला तिने वेळ लावला नाही.

त्या संध्याकाळी कोंबडीबाजाराचं फाटक बंद होतं, आणि एक बाटली कमी पडायला नको म्हणून त्याने सव्विसावी इथेच भरली होती.