पांढऱ्या पट्टीवरचा अंगठा

उपग्रहाच्या रंगाचा नमुना म्हणून वर्षभर अंतराळात राहून आलेल्या पट्टीवर कुणाचा तरी अंगठा उमटला होता, आणि श्यामकांतसाहेब अख्ख्या कारखान्याचे अंगठे शाईत बुडवत होते. कारखाना म्हणजे अंधेरी एमआयडीसीतला एक गाळा आणि चार माणसं.

धोंडू रांगेत शेवटचा. अंगठा आपलाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं इमारती रंगवलेला माणूस तो. रंग सुकला का, ते बोट लावल्याशिवाय त्याला पटत नसे. दोन वर्षांमागे या आगपेटीएवढ्या पट्टीलाही त्याने हातमोजा काढून, भेगांचं मलम चोपडलेला अंगठा टेकवला होता. उपग्रहाच्या रंगाला हात लावील त्याची नोकरी जाईल, असा बोर्ड भिंतीवर होता. तो बोर्डही धोंडूनेच रंगवला होता.

साहेबांनी त्याचा अंगठा कागदावर दाबला. नुसता काळा डाग. पुन्हा दाबला, पुन्हा डाग. तेव्हापासून आजपर्यंत थिनरने रेषा पार पुसून टाकल्या होत्या. हजेरीचं मशीनही हल्ली त्याला ओळखत नसे. साहेब म्हणाले, हा नव्हे, जा तू.

सुटलेला धोंडू डबा उचलून निघाला, तर पट्टी तपासायला आलेली ऋता म्हणाली, "काका, बघून तर जा."

त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. ऋता समजावत होती, की वर ऑक्सिजनचे सुटे अणू असतात, ते आणि तिथलं ऊन मिळून रंग कुरतडतात. वर्षभरात रंगाचा खडू झाला. अंगठ्याखाली मात्र मलमातल्या सिलिकॉनची काच बनली, तेवढाच वाचला.

धोंडूचं लक्ष नव्हतं. खाली पांढरं, खरबरीत माळरान. मधोमध गुळगुळीत बांध, एकात एक वळत गेलेले, गावच्या उतारावरच्या भातखाचरांसारखे. एकही कुठे फुटला नव्हता.

"दिवसाला पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या मारत होता हा," ऋता म्हणाली.

धोंडूने आपला कोरा अंगठा पाहिला. पुन्हा आत पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो माझोच."

साहेबांनी शाईचा कागद त्याच्यापुढे धरला. "अरे, पण जुळत नाही ना."

धोंडूने डोळा काढला नाही.

"जुळतलो कसो? माझो तो थंय वरच रवलो."