दुसरं शेवळ

गावच्या डोंगरावरून आणलेल्या दोन्ही कंदांना कुवेतच्या मीना अल-अहमदी बंदरातल्या क्वार्टरच्या अंगणात, तुपाच्या डब्यांत फुलं आली, तेव्हा बदरुद्दीनचे पाय जमिनीवर ठरेनात. हे आपलं नेहमीचं, पावसाळ्यात भाजी करतात ते शेवळ नव्हे, वेगळी जात आहे, असं तो कधीपासून सगळ्यांना सांगत होता. पण एक फूल उभं चिरून भिंगाखाली घातलं तरी फरक म्हणून सापडेना. दुसरं तपासायला तो अंगणात गेला, तर डब्यात नुसती माती.

"बिल्कीस, फूल कुठाय?"

"सोडे घालून भाजी केली," बायको म्हणाली. "कुवेतात शेवळ दिसल्यावर राहवतंय होय? बसा जेवायला."

त्याने रागारागाने घास कोंबला. मग आणखी एक. आणि एकदम थांबला.

"आमसुलं किती घातलीस?"

"कुठली आमसुलं? मुंबईची बोट आलीय कुठे अजून?" ती ओशाळली. "आमसुलाशिवाय शेवळ घसा खाजवायचंच. खाजतोय ना?"

"नाही खाजत," म्हणत त्याने खरकट्या हातानेच पातेलं तिच्यापासून लांब ओढलं. "आता हिला हात लावू नकोस. नवी जात आहे ही."