वेशीचा राखणदार

"बापूजी, किंवाड खोलो."

भर दुपारचा आवाज. वीसेक वर्षं झाली, तरी मूलचंदजींना तो जिन्याखाली, कापडाच्या गठ्ठ्यांमागे, कुठंही ऐकू यायचा. तेव्हा त्यांनी कडी काढली नव्हती. त्यांच्या लेकीनं, संतोषनं, कुठल्याशा खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराशी लगीन लावलं होतं. गावाचं नावसुद्धा त्यांनी ऐकून घेतलं नाही. पोरगी आम्हाला मेली, असं बिरादरीला सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी जुन्या जालन्यातलं दुकान रोजच्या वेळेला उघडलं.

आता दुकानावरच्या माडीत भोकरदनचा रामकिसन भाड्यानं राहायचा. कॉलेजात होता. रविवारी त्याचा दोस्त बद्रीनाथ सायकल मारत यायचा आणि दोघं फासे खुळखुळवत बसायचे. खेळ माडीवरच मांडायचा, हा हट्ट बद्रीनाथचा.

एका रविवारी तो खुळखुळाट ऐकून मूलचंद शेठजी वर चढले. "काय रे, जुगार चाललाय?"

"न्हाई, शेठजी," रामकिसन म्हणाला. "एकानं जग सांगायचं, दुसऱ्यानं त्यातला माणूस व्हायचं. ह्यो बद्री जग सांगतो. मी अर्धा माणूस, अर्धा यक्ष. आन् हा मला छळून राह्यला."

बद्रीनाथच्या मांडीवर पुण्याहून आणलेल्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स होती. "पुस्तकात आहे तेच सांगतो. अर्ध्याला दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं. यक्षाची नजर, माणसाची जिद्द. पण कूळ एकच लिहायचं."

"दोन्ही लिहितो की."

"रकाना एकच आहे."

"आन् यक्षाचं आन् राक्षसाचं लेकरू झालं तर?"

"ते पुस्तकात न्हाई. एका बाजूला माणूस लागतोच."

"म्हंजे लिहिणाऱ्याला बाकीच्यांची लग्नंच ठावी न्हाईत."

शेठजींना हसू आलं. पण म्हणाले, "बराबर आहे त्याचं. रकाना एकच पायजे. नसता घोळ होतो."

पोरगा कडक होता, नियमाचा पक्का. शेठजींना तो आवडला. बद्रीनाथनंही त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. "शेठजी, यक्षांच्या वेशीला राखणदार पाहिजे. तुम्ही व्हाल का?"

सतरंजीवर जागा झाली. शेठजी बसले.

बद्रीनाथ सांगू लागला. ह्या अर्ध्याची आई यक्षांच्याच गावची. माणसाबरोबर निघून गेली होती. आता थकलीय, वेशीबाहेर लिंबाखाली बसलीय. एकदा आत यायचं म्हणते. पोराच्या तलवारीनं वेस उघडत नाही, फाशानंही नाही. आईचं नाव त्यानं सांगायचं नाही, तशी तिची शपथ आहे. राखणदार आपणहून 'ये' म्हणाला, तरच.

"आन् मी न्हाई म्हटलं तर?"

"तर ती बसून राहील."

"मंग बसू दे," शेठजी म्हणाले.

असे रविवार जाऊ लागले. रामकिसननं वेशीपुढं सोनं ओतलं, धमक्या दिल्या, एकदा तर रडून दाखवलं. शेठजींचं एकच, न्हाई. दुपार कलली की रामकिसन कांद्याची भजी आणायचा. शेठजी जैन, ते कांद्याला हात लावत नसत. बद्रीनाथही लावायचा नाही. "पित्त होतं," म्हणायचा. उन्हं पिवळी पडली की तो उठायचाच. "डबा पोचवायचाय. दिवस मावळायच्या आत." शेठजींचंही जेवण दिवस मावळायच्या आतच उरकायचं, म्हणून खेळ तिथंच थांबायचा. खिडकीतून त्यांना दिसायचं, सायकल दवाखान्याच्या वाटेला वळतेय. पेशंटांना खानावळीचे डबे देत असेल बिचारा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मग एका रविवारी रामकिसननं तलवार टाकली आणि वेशीपुढं ओवीच म्हटली:

"माहेराची माझ्या, वेस बाई चंदनाची
बापाला गं माझ्या, सवय कुलुपाची."

शेठजी एकदम पुढं वाकले. "हे कुणी शिकवलं तुला? तुझी आई कुठली रे?"

"भोकरदनचीच. सगुणाबाई. कापूस येचताना म्हणती. तुमच्याच दुकानातून लुगडं नेल्तं तिनं. रंग गेला म्हणून अजून शिव्या देती तुमाला."

शेठजींनी श्वास सोडला. जीव भांड्यात पडला, आणि का कोण जाणे, भांडं रितंच वाटलं.

"शेठजी," बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला, "ती वाट बघतीय. काय सांगू तिला?"

शब्द ओठापर्यंत आला होता. बिरादरी आठवली, आपलीच जुनी जीभ आठवली. गुडघ्यावर हात देऊन ते उठले. "पुढच्या रविवारी बघू."

बद्रीनाथनं फासे गोळा केले. मग पिशवी उचलून डबा द्यायला गेला.

पुढच्या रविवारी तो आलाच नाही. शेठजी दोनदा माडीवर डोकावून आले. त्या आठवड्यात त्यांनी घराच्या दाराची गंजलेली कडी तेल घालून सोडवली. नोकरानं कारण विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले. खेळात एकदा म्हणून बघू, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एकदा जीभ वळली की खरं म्हणायला सोपं. मग संतोषचं गाव शोधू. गाडी करून जाऊ.

त्यानंतरच्या रविवारी बद्रीनाथ आला. डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. कुठं होतास, असं रामकिसननं विचारलं, तर "गावाकडं, तीर्थपुरीला," एवढंच बोलला.

फासे मांडायच्या आतच शेठजी म्हणाले, "ये, बाई. आत ये. वेस उघडी आहे." आवाज कापत होता, पण ते पुरतं बोलले.

"जितलो की रे," रामकिसननं बद्रीनाथच्या पाठीवर थाप मारली आणि चहा सांगायला खाली पळाला.

बद्रीनाथनं फासे एकेक करून पिशवीत भरले. समोरच्या पत्र्यांवरचं ऊन सरलं. तो उठला नाही. माडीत सावल्या आल्या, तरी उठला नाही.

"अरे, दिवस बुडाला," शेठजी म्हणाले. "आज डबा न्हाई का न्यायचा?"

बद्रीनाथनं रुमाल सोडला. डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"आईला आता लागत न्हाई, नानाजी."